तबकडीवरचा क्रमांक

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला एक अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी मिळाली. लेबल अर्धं सोललेलं. 'यंग इंडिया' ही कंपनीची अक्षरं शाबूत होती, गाणाऱ्या बाईचं नाव मात्र गेलेलं. विकणाऱ्या काकांनी ती उन्हात तिरकी धरली आणि म्हणाले, "लेबल नका बघू, कडेला बघा." लेबल आणि शेवटची खाच यांच्यामधल्या गुळगुळीत पट्टीवर एक बारीक क्रमांक कोरलेला होता. तोवर मी तबकड्या फक्त ऐकत आलो होतो. त्या वाचायच्याही असतात हे त्या दिवशी कळलं, आणि वाचता वाचता रेकॉर्ड कंपनी नावाचा कारखाना आतून कसा चालतो तेही हळूहळू कळत गेलं.

हा क्रमांक कंपनीच्या दृष्टीनं गायकाच्या नावाहून मोठा. नाव चुकलं तर लेबल पुन्हा छापता येतं. क्रमांक चुकला तर कोणता साचा कोणत्या गाण्याचा, हेच कळेनासं होतं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि 1902 च्या नोव्हेंबरात तिथल्या हॉटेलात त्यानं गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. तेव्हा भारतात तबकडी छापण्याची सोय नव्हती. मेणाचे मूळ ठसे बोटीनं जर्मनीतल्या हॅनोव्हरला जात. तिथल्या कारागिरांना हिंदुस्थानी गाण्यातलं काहीच उमगत नसे, म्हणून गाणं संपताच गौहर जान इंग्रजीत आपलं नाव पुकारी. आज ती पुकार ऐकताना आपण हरखून जातो. ती मुळात कारखान्यातल्या माणसासाठी दिलेली खूण होती.

मायक्रोफोन 1925 च्या आसपास आला. त्याआधी गाणाऱ्यानं एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं. आवाजाच्या धक्क्यानं दुसऱ्या टोकाची सुई थरथरे आणि फिरत्या मेणावर नागमोडी खाचा पाडी. तार सप्तकात जाताना मान मागे घ्यायची, मंद्रात पुढे. तासभर विस्तारणारा राग तीनेक मिनिटांत बसवायचा. दहा इंची तबकडीची एक बाजू तेवढीच. काही थोर गवयांनी याला साफ नकार दिला. मला मात्र ज्यांनी हे आव्हान पेललं त्यांच्याबद्दल जास्त आदर वाटतो. तीन मिनिटांत रागाचा चेहरा उभा करणं ही निराळी विद्या आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकताना वेळ कमी पडला असं कधी वाटत नाही.

मेणावरचा ठसा मऊ. त्यावर एकदा सुई फिरवली तरी तो बिघडायचा. म्हणून त्यावर ग्रॅफाइटची पूड चोळून तो विजेच्या हौदात सोडत. त्यावर तांब्याचा थर चढे. थर सोलून काढला की उलटा धातूचा ठसा हाती येई: जिथे खाच तिथे उंचवटा. कारखान्यात त्याला 'फादर' म्हणत. थेट त्यानंच तबकड्या दाबल्या तर तो झिजणार, म्हणून त्याच्यावरून 'मदर' काढायची आणि मदरवरून 'स्टँपर'. छपाईत झिजायचा तो स्टँपर, आणि तो झिजला की मदर नवा देई. फादर कपाटात कुलूपबंद. कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे हेच कपाट. इमारत, यंत्रं, मोटारी ही सगळी त्यामागून.

तबकडीचा माल आपल्याकडचाच. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची लाख प्रामुख्यानं छोटा नागपूर आणि आसपासच्या जंगलांतून जगभर जाई. तिच्यात दगडाची बारीक पूड, काजळी आणि कापसाचे तंतू मिसळत. तो गोळा तापवून दोन स्टँपरांमध्ये दाबला की दोन्ही बाजू एकदमच उमटत. दगडाची पूड फक्त स्वस्ताईसाठी नव्हती. पोलादी सुई तिच्यावर घासून खाचेच्या मापाची व्हावी अशी योजना होती. प्रत्येक बाजूला नवी सुई लावण्याचा माझ्या आजोबांचा हट्ट त्यामुळेच रास्त होता. 1908 पासून सियालदहला आणि पुढे 1928 पासून दमदमला तबकड्या छापल्या जाऊ लागल्या आणि हॅनोव्हरची वारी संपली.

पण यंत्रापेक्षा मोठा प्रश्न म्हणजे मुद्रित कोणाला करायचं? हे ठरवणारा माणूस कंपनीचा कान असे. ग्रामोफोन कंपनीच्या, म्हणजे एच.एम.व्ही.च्या, मुंबई शाखेत हा कान अनेक वर्षं मराठी होता. गोविंदराव जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, आधी स्वतः गायक. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' त्यांनी गायली आणि मराठी भावगीताची तबकडी घरोघरी पोचली. पुढे ते कंपनीत अधिकारी झाले. न गाणाऱ्यांना राजी करणं, रुसलेल्यांची समजूत घालणं, तबलजी वेळेवर येईल हे पाहणं, सगळं त्यांच्याकडे. 'स्वरगंगेच्या तीरी' या त्यांच्या आठवणी जरूर वाचाव्यात. 1967 ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी त्यांच्याच निर्मितीतली. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काबरा तेव्हा तरुण होते. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांच्या प्रहरांतून उलगडायचा, ही कल्पना घेऊन तिघांना एकत्र बसवणं हे कंपनीतल्या माणसाचं काम. आवरणावर त्याचं नाव आपण क्वचितच वाचतो.

नावांचा हिशेब तर आणखी दुखावणारा. 'महल' हा 1949 चा चित्रपट. त्यातल्या ज्या गाण्यानं लताबाई देशभर पोचल्या, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' छापलं होतं. कामिनी हे पडद्यावरच्या पात्राचं नाव. ती गाते कोण, हे श्रोत्यांनी रेडिओला विचारायला सुरुवात केली तेव्हा खरं नाव लोकांना कळलं.

नावाच्या मागोमाग पैसा येतो. एका गाण्यात मालकीचे तीन थर असतात: शब्द, चाल आणि मुद्रण. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची. मुद्रण, म्हणजे ती खाच, ज्यानं खर्च केला त्याची. गाणाऱ्याला कधी एकरकमी बिदागी मिळे, कधी विकलेल्या तबकडीमागे हिस्सा. आगाऊ रक्कम दिली असेल तर ती आधी त्याच हिश्शातून वळती व्हायची. साठच्या दशकात लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी यांच्यात याच हिश्शावरून मतभेद झाले आणि दोघांनी काही वर्षं एकत्र गाणं सोडलं. लताबाईंचं म्हणणं होतं की गाणं विकलं जाईल तोवर गायकाला वाटा मिळावा. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं असतं, आजही वाटतं. शब्द आणि चाल यांच्या हक्कांबाबत मात्र 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल चित्रपट निर्मात्यांच्या बाजूनं गेला. शेवटी कॉपीराइट कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा वाटा करारानंही काढून घेता येणार नाही असं ठरलं, आणि गायकांच्या वाट्यालाही कायद्यात जागा मिळाली.

कॅसेटनं ऐंशीच्या दशकात कारखान्याची मक्तेदारी मोडली. गल्लीतला माणूसही प्रती काढू लागला आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज एस.टी. स्टँडवरच्या टपरीपर्यंत गेला. तरी कपाट टिकलं. ग्रामोफोन कंपनी 'सारेगामा' झाली आणि तिनं 2017 मध्ये 5000 जुनी गाणी भरलेला 'कारवाँ' बाजारात आणला. गाणी नव्यानं मुद्रित केली नव्हती, कपाटातली उघडली होती.

ज्यांचं कपाटच गेलं त्यांचं काय? 'यंग इंडिया' 1935 मध्ये मुंबईत सुरू झाली. स्वदेशीच्या काळात ते नावच एक निशाण होतं. 1955 मध्ये ती बंद पडली. अशा बंद पडलेल्या कंपन्यांच्या कितीतरी गाण्यांचा साचा आता कुठेच नाही. जी तबकडी कुणाच्या माळ्यावर उरली, तोच मूळ ठसा. मुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे तिची नक्कल करायला त्या बाजूनं अडचण नाही. अडचण आहे ती सापडण्याची. 1990 पासून मुंबईतली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था आणि अनेक एकांडे संग्राहक हे काम करत आले आहेत.

माझ्या तबकडीचा क्रमांक मी अशाच एका संग्राहकांना फोनवर वाचून दाखवला. त्यांच्या वहीत आधीचा क्रमांक होता, नंतरचाही होता. मधली ओळ कोरी होती. त्यांनी मला तबकडी घेऊन बोलावलं, नवी सुई लावली आणि चावी दिली. खरखर संपून पहिला सूर लागला. अर्धं कडवं होताच ते पेन उचलून म्हणाले, "भैरवी." बाईंचं नाव अजून लागलेलं नाही. त्या रकान्यात त्यांनी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं आहे.