मळींतून फवाऱ्याचा साबण

कांद्याच्या पातीवर फवारलेलें औषध ओघळून जातें, हें वाचकांस ठाऊकच आहे. पातीवरील मेणामुळें पाणी पसरत नाहीं. तें पसरविणारें साबणासारखें द्रव्य कांहीं सूक्ष्मजंतु स्वतःच तयार करितात. बॅसिलस सबटिलिस ह्या मातींतील जंतूचें ‘सर्फॅक्टिन’ १९६८ सालीं जपानांत उजेडांत आलें. उसाच्या मळीवर व बटाट्याच्या कारखान्याच्या सांडपाण्यावरही तें तयार होतें, हें प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. घरीं मात्र कोणी हा उद्योग करूं नये. असेंच द्रव्य देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतु मनुष्यास रोगकारक आहे. मुख्य अडचण द्रव्य वेगळें करून शुद्ध करण्याच्या खर्चाची. परंतु फवाऱ्यास अतिशुद्ध द्रव्याची गरज नाहीं. म्हणून सहकारी साखर कारखान्यांच्या सभासदांनीं हा विषय सभेंत अवश्य काढावा, असें आम्हांस वाटतें.