लवचीक ताणमापक आणि कंठातील वाणी

एखादा पदार्थ ओढला असता त्याच्या लांबीत जी वाढ होते, तिचे मूळ लांबीशी असलेले प्रमाण म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील 'विकृती' होय. व्यवहारात या शब्दाला व्यंगाचा अर्थ चिकटलेला आहे. उलटपक्षी, 'ताण' हा शब्द ओढणारे बल आणि त्यामुळे घडणारी वाढ या दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. म्हणून हा भेद प्रथमच स्पष्ट करणे अवश्य आहे. ज्या साधनांचा येथे विचार करावयाचा आहे, ती बल मोजीत नाहीत. लांबीतील वाढ मोजतात. 'ताणमापक' हे नाव याच मर्यादित अर्थाने योजिले आहे.

या साधनांमागील तत्त्व जुने आहे. लोखंडाच्या व तांब्याच्या तारा ताणल्या असता त्यांचा विद्युत्-रोध बदलतो, हे १८५६ साली विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढे लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धी पावलेले शास्त्रज्ञ, यांनी दाखवून दिले. तार लांबली की विद्युत्-प्रवाहाचा मार्ग लांबतो आणि तार बारीक झाल्याने तो अरुंदही होतो. दोन्ही कारणांनी रोध वाढतो. १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स व आर्थर रूज यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, बारीक तार वस्तूच्या पृष्ठभागास चिकटवून तिची विकृती मोजण्याचे साधन सिद्ध केले. पूल, विमाने व वजनकाटे यांत ते रुळले.

धातूच्या अशा मापकात लांबी १ टक्क्याने वाढली, तर रोध सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. पोलादी तुळईसाठी एवढे पुरे होते. परंतु मनुष्याची त्वचा म्हणजे तुळई नव्हे. गुडघा किंवा कोपर वाकविताना तिच्यात कित्येक दशांश टक्के नव्हे, तर कित्येक दहा टक्क्यांची वाढ होते. धातूचा मापक काही थोड्या टक्क्यांपलीकडे ताणता येत नाही. अंगावर वागविण्याच्या विद्युत्-साधनांपुढील पहिली अडचण ती हीच.

तिच्यावरील एक उपाय १९५३ साली आर. जे. व्हिटनी यांनी प्रसिद्ध केला. रबराच्या बारीक नळीत पारा भरून ती त्यांनी हातापायांभोवती बसविली आणि अवयवाच्या आकारमानातील सूक्ष्म बदल मोजले. पारा द्रवरूप असल्यामुळे तो तुटत नाही. नळीची लांबी दुप्पट केली, तर पाऱ्याचे आकारमान तेच राहून त्याचा छेद निम्मा होतो. सबब रोध चौपट होतो. पारा विषारी असल्याने अलीकडे त्याच्या जागी गॅलियम व इंडियम यांचा, सुमारे १५.५ अंश सेल्सियसला वितळणारा मिश्रधातू सिलिकोन रबरातील सूक्ष्म वाहिन्यांत भरतात.

दुसरा मार्ग मोडतोडीचाच उपयोग करून घेण्याचा आहे. २०११ साली जपानमधील संशोधकांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचा पातळ थर लवचीक पटलावर बसविला. ताण पडताच थराला भेगा पडतात. पण नलिकांचे जुडगे त्या भेगांवर पुलाप्रमाणे पसरून राहतात आणि प्रवाह अखंड ठेवतात. हा मापक २८० टक्क्यांपर्यंतची वाढ मोजू शकला. २०१४ साली दक्षिण कोरियात कोळ्याच्या पायांवरील कंपनग्राही फटींपासून बोध घेऊन प्लॅटिनमच्या पातळ थरात मुद्दाम भेगा पाडण्यात आल्या. भेगेच्या कडा किंचित दुरावल्या तरी रोध एकदम चढतो. म्हणून ह्या मापकाची संवेदनक्षमता धातूच्या साध्या मापकाच्या हजारपटीच्या घरात गेली. मात्र ती सुमारे २ टक्के वाढीच्या आतच. अतिसूक्ष्म जाणीव आणि फार मोठा पल्ला हे दोन गुण एकाच साधनात क्वचितच नांदतात.

याखेरीज रबराचा एक स्वभावदोष आहे. ताण सोडल्यावर ते आल्या वाटेने तत्काळ परतत नाही, मागे रेंगाळते. परिणामी एकाच लांबीला जाताना एक व येताना दुसरे मूल्य मिळते. शरीराची उष्णता व घाम यांमुळेही रोध ढळतो. साधन किती ताणले जाते याइतकेच ते किती प्रामाणिकपणे पूर्वपदावर येते, हेही म्हणूनच महत्त्वाचे आहे.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही साधने गळ्यावर बसविली जातात तेव्हा विशेष प्रश्न उद्भवतो. 'काडी', 'खाडी' आणि 'गाडी' हे शब्द घ्यावेत. तिन्हींच्या आरंभी जिभेचा मागील भाग मृदुतालूस टेकतो. ओठ व जबडा यांची हालचालही सारखीच असते. भेद आहे तो श्वासाच्या झोताचा आणि स्वरतंतूंच्या कंपनाचा. प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात हे कंपन सेकंदाला सामान्यतः शंभराहून अधिक वेळा होते, तर स्त्रियांच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा. मापक मंद असेल, तर त्याला गळ्याची स्थूल हालचाल कळेल, घोष कळणार नाही. आणि 'गाडी'ची 'काडी' होईल.

मापक कितीही चपळ असला तरी आणखी एक मर्यादा उरते. कर्करोगामुळे ज्याचे स्वरयंत्र काढून टाकावे लागले, त्याच्या गळ्यात स्वरतंतूच नसतात. अशा माणसाच्या बाबतीत हनुवटीखालील व जबड्यालगतच्या स्नायूंच्या हालचालींवरूनच शब्द ओळखावा लागतो. २०२४ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ग्राफीनचा थर दिलेल्या कापडाचा गळपट्टा तयार करून न उच्चारलेले इंग्रजी शब्द ओळखून दाखविले. हे यश मोलाचे आहे. तथापि मर्यादित शब्दसंचातील यशावरून मराठीसारख्या भाषेविषयी अनुमान काढता येत नाही. इंग्रजीत महाप्राणत्वाने शब्दाचा अर्थ बदलत नाही. मराठीत क, ख, ग, घ ही चारही व्यंजने अर्थभेदक आहेत, आणि मूक उच्चारात नेमका हाच भेद बहुतांशी लोपतो.

यास्तव मराठीसाठी असे साधन तपासताना परस्परांपासून दूरचे, सहज ओळखू येणारे शब्द निवडणे म्हणजे परीक्षेआधीच उत्तीर्ण होणे होय. कसोटीच्या यादीत 'काडी–खाडी–गाडी' यांसारखे शब्दगट असलेच पाहिजेत, आणि जो भेद गळ्यावरून मिळत नाही तो वाक्याच्या संदर्भावरून कितपत भरून निघतो, हे स्वतंत्रपणे मोजले पाहिजे. ताण अचूक मोजणे हे पदार्थविज्ञानाचे काम; त्या ताणातून कोणता शब्द निघतो, हे ठरविण्यास भाषेचे ज्ञान लागते. ज्याचा आवाज गेला आहे, त्याच्या तोंडी यंत्राने चुकीचा शब्द घातला, तर तो दुरुस्त करावयास त्याच्यापाशी दुसरा आवाज नसतो.