रक्तदाबाला दोन गोळ्या कशाला?

वर्सोव्याहून बसून आलेले सत्तरीतले आजोबा घाटकोपर मेट्रो स्थानक आल्याबरोबर झटकन उठतात आणि क्षणभर खांब घट्ट धरून थांबतात. डोळ्यांपुढे अंधारी आलेली असते. चार-पाच सेकंदांत ती सरते आणि आजोबा गर्दीबरोबर लोकलच्या पुलाकडे निघतात.

उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, दाब घसरू लागतो. मानेतील धमन्यांच्या आणि महाधमनीच्या भिंतीत ताण मोजणाऱ्या चेतांची टोके असतात. त्यांची खबर मेंदूच्या तळाशी पोहोचते, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात, दाब सावरतो. वयानुसार धमन्या ताठर झाल्या की ही खबर उशिरा जाते. म्हणून आजोबांना अंधारी येते, नातवाला येत नाही.

गच्चीवरच्या टाकीचे काम एका फ्लोटवर भागते. पातळी उतरली की पंप सुरू, टाकी भरली की बंद. रक्तदाबावर मात्र एकाच वेळी अनेक नियंत्रक बसलेले आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी. चेतांचा नियंत्रक सेकंदांत धावतो. दुसरा मूत्रपिंडातून चालतो. तिथला दाब उतरला की रेनिन स्रवते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होते आणि काही मिनिटांत रक्तवाहिन्या आवळतात. तिसरा सर्वांत संथ. मूत्रपिंड मीठ आणि पाणी किती राखायचे, किती सोडायचे ते ठरवते. त्याचा परिणाम दिसायला तास, कधी दिवस लागतात, पण दीर्घकाळ दाब कुठे स्थिरावणार हे मुख्यतः तेच ठरवते. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांनी 1972 मध्ये या साऱ्या यंत्रणेचा आराखडा इंजिनिअर मंडळी कारखान्याचा काढतात तसा काढला. शेकडो चौकटी, त्यांना जोडणाऱ्या रेषा. पाहूनच गरगरावे असा तो कागद आहे.

वेगवान नियंत्रकाची एक खोड आहे. दाब दोन-तीन दिवस चढाच राहिला तर तो त्या चढ्या आकड्यालाच ‘नेहमीचा’ मानू लागतो आणि पुढे त्याचीच राखण करतो. त्यामुळे ‘मला काही त्रास होत नाही’ हे रक्तदाबाच्या रुग्णाचे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी असते.

औषधाने दाब उतरवायचा म्हणजे या राखणदारांशी गाठ. एकाला गप्प केले की दुसऱ्याला वाटते, काहीतरी बिघडले, आणि तो जोर लावतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळीचे रक्तदाबावरील परिणाम मांडले आणि आपल्याकडची ही जुनी वनस्पती जगभर पोहोचली. 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. ते चेतांचा नियंत्रक मंदावते. पण दाब उतरला की मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवू लागते आणि औषधाचा गुण ओसरतो.

त्यावर उतारा निघाला तो एकाच वेळी सगळ्यांना आवरण्याचा. अमेरिकेत माजी सैनिकांवर झालेल्या आणि 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रेसरपिन, लघवी वाढवणारे औषध आणि रक्तवाहिन्या सैल करणारे औषध अशी तिन्ही एकत्र दिली गेली. 143 पुरुषांपैकी नुसत्या दिखाऊ गोळ्या घेणाऱ्या गटात 27 जणांना गंभीर गुंतागुंत झाली, औषध घेणाऱ्यांत अवघ्या दोघांना.

आज सर्पगंधेची गोळी क्वचितच दिली जाते, तत्त्व मात्र तेच आहे. 2009 मध्ये 42 चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसले, की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातील औषध जोडल्याने दाब सुमारे पाचपट अधिक उतरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने रेनिन वाढते. सोबतची ‘सार्टन’ गोळी त्या रेनिनचा पुढचा मार्ग अडवते. चिठ्ठीवर दुसरी गोळी आली म्हणजे आजार बळावला, असे घरातले धरून चालतात ते म्हणूनच बहुतेक वेळा चुकीचे असते.

खरा धोका दुसरीकडे आहे. या दोन गोळ्या चालू असताना गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आपल्याच मनाने घेतले, तर मूत्रपिंडाला स्वतःचा रक्तपुरवठा सांभाळायला मार्गच उरत नाही. उलट्या-जुलाबाने शरीर सुकलेले असेल तर ते अचानक निकामीही होऊ शकते. केमिस्टकडे वेदनाशामक मागताना रक्तदाबाच्या गोळ्यांची नावे सांगावीत आणि जुलाब लागले तर त्या गोळ्यांचे काय करायचे हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, एकदम थांबवल्या तर दबून राहिलेला नियंत्रक उसळी घेतो.

आणि अंधारी? ती वारंवार येत असेल तर तपासणी बसून एकदा आणि उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा करून घ्यावी. वरचा आकडा 20 किंवा अधिक उतरला तर डॉक्टर गोळ्यांचा पुन्हा विचार करतात. तोवर आजोबांनी गाडी पूर्ण थांबल्यावर, पायाच्या पोटऱ्या दोन-चारदा आवळून, सावकाश उठावे. घाटकोपर शेवटचेच स्थानक आहे.