तार गेली, वीजही गेली. मग फोनचे काय?

पावसाळ्यातली रात्र. वीज गेलेली, पंखा थांबलेला, खिडकीबाहेर नुसता अंधार. पण कोपऱ्यातल्या स्टुलावरचा, विणलेल्या रुमालाखाली झाकलेला फोन मात्र जिवंत असे. रिसीव्हर उचलला की डायल टोन कानावर येई आणि डॉक्टरांना, शेजाऱ्यांना, लेकीला फोन लागे. हा अनुभव घराघरांत इतक्या वेळा आला की, वीज गेली तरी फोन चालतो हे आपण गृहीतच धरले. प्रत्यक्षात त्यामागे टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्या राबत होत्या. घरात फायबर आले की या बॅटऱ्यांचा आपल्या फोनशी असलेला संबंध तुटतो, आणि ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येते ती पुढच्या वेळी वीज गेल्यावरच.

गेल्या काही वर्षांत शहरांत आणि अनेक गावांतही तांब्याच्या तारांची जागा काचेचे तंतू घेत आहेत. बदल वरवर अगदी किरकोळ दिसतो. नंबर बहुतेक वेळा तोच राहतो, फोनही जुनाच चालतो. फक्त त्याची वायर भिंतीवरच्या खोक्यातून निघून इंटरनेटच्या पेटीमागे जाते. आवाज स्वच्छ येतो, पावसाळ्यातली खरखर थांबते. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना त्यामुळे वाटते, की काहीच बदललेले नाही.

पण आतली यंत्रणा पुरती बदललेली असते. जुन्या पद्धतीत तांब्याच्या दोन तारा आवाजाबरोबर वीजही घरापर्यंत आणत. एक्स्चेंजमधून सुमारे ४८ व्होल्टचा एकदिश प्रवाह सतत मिळे आणि घंटी वाजवण्यासाठी त्याहून अधिक दाबाचा प्रत्यावर्ती प्रवाह सोडला जाई. शहराची वीज गेली तरी एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांची रांग आणि त्यामागे डिझेलचे जनित्र असे. फोनला घरातल्या विजेची गरजच नव्हती.

काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर घरातली छोटी पेटी करते. बोलणाऱ्याच्या आवाजाचे सेकंदाला किमान आठ हजार वेळा मोजमाप होते, त्याचे आकडे बनतात आणि साधारण २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांची छोटी पाकिटे करून ती इंटरनेटच्या मार्गाने रवाना होतात. म्हणजे एका सेकंदाच्या बोलण्याची सुमारे पन्नास पाकिटे. पलीकडे ती पुन्हा जोडली जातात. हे सारे काम करणारी पेटी घरातल्या प्लगवर चालते. प्लगमधली वीज गेली की पेटी बंद आणि तिच्यासोबत फोनही बंद.

कॉर्डलेस फोन वापरणाऱ्यांना ही अडचण नवी नाही. त्याच्या तळाला पूर्वीही घरची वीज लागतच असे. म्हणूनच जाणती माणसे कॉर्डलेसबरोबर वायरचा एक साधा फोनही जपून ठेवत.

हा प्रश्न आरोग्याचा कसा, हे ब्रिटनच्या अनुभवावरून कळते. तिथे एकटे राहणारे अनेक वृद्ध आणि आजारी लोक गळ्यात किंवा मनगटावर आपत्कालीन बटण बाळगतात. पडले, छातीत दुखू लागले, तर बटण दाबायचे. घरातले यंत्र लँडलाइनवरून मदत केंद्राला फोन लावते आणि तिथला माणूस बोलू लागतो. अशी सेवा घेणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख आहे. यातली बरीच यंत्रे जुन्या लाइनसाठी बनवलेली आहेत. मदत केंद्राला माहिती कळवण्यासाठी ती ठरावीक सूर पाठवतात. आवाजाची पाकिटे करताना हे सूर बिघडले किंवा एखादे पाकीट गळाले, तर संदेश नीट पोहोचत नाही. आणि वीज नसेल तर तो निघतच नाही.

ब्रिटनमधले जुने टेलिफोन जाळे २०२५ च्या अखेरीस बंद व्हायचे होते. मात्र काही घरांत लाइन बदलल्यानंतर आपत्कालीन यंत्रे चालली नाहीत, असे गंभीर प्रकार समोर आले. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने दूरसंचार कंपन्यांना एकत्र बोलावून, अशा ग्राहकांची लाइन खात्री केल्याशिवाय बदलणार नाही, असे लेखी वचन घेतले. पुढे अंतिम मुदत जानेवारी २०२७ पर्यंत लांबवली गेली. तिथल्या नियामकाच्या मार्गदर्शनानुसार, केवळ लँडलाइनवर अवलंबून असलेल्या ग्राहकाला वीज गेल्यानंतरही किमान एक तास आपत्कालीन फोन करता यावा, अशी सोय कंपनीने द्यायची आहे. पण एक तास पुरेल का? नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात काही घरे आठवड्याहून अधिक काळ अंधारात होती.

फोन न लागण्याची किंमत शरीर कशी मोजते, हे डॉक्टर जाणतात. पडल्यानंतर वयस्कर व्यक्ती तासाभराहून अधिक वेळ जमिनीवरच राहिली, तर पडण्याच्या इजेपेक्षा पडून राहण्याची इजा मोठी ठरू शकते. एकाच बाजूवर भार राहिल्याने त्वचेला जखमा होतात, दाबलेल्या स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. शरीरातले पाणी कमी होते. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. हृदयविकाराच्या झटक्यात तर मिनिटे मोजावी लागतात. बंद फोनमुळे गेलेला अर्धा तास नंतर भरून काढता येत नाही.

‘मोबाइल आहे की,’ असे यावर कोणीही म्हणेल, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण मोबाइल टॉवरही विजेवर चालतात आणि त्यांच्या बॅटऱ्यांना मर्यादा असते. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा कोकणातल्या अनेक गावांत विजेबरोबर मोबाइलचेही जाळे कोलमडले आणि ते सावरायला कित्येक दिवस लागले. शिवाय थरथरत्या बोटांना, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना काचेचा पडदा अवघड जातो. मोठी बटणे असलेला, जागेवरून न हलणारा फोन अशा वेळी हाताच्या सवयीने सापडतो.

म्हणून तांब्याच्या तारेला कवटाळून बसावे, असे मात्र नाही. तिचेही दोष होते. पावसाचे पाणी केबलमध्ये शिरे, रस्ता खोदताना ती तुटे, दुरुस्तीला आठवडे लागत. काचेच्या तंतूला पाण्याचा तसा त्रास नाही.

ऐकू कमी येणाऱ्यांना तर नव्या पद्धतीचा फायदा होऊ शकतो. जुना फोन साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पोहोचवतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या अक्षरांची ओळख पटवणारा बराचसा आवाज त्याच्या वर असतो आणि वाढत्या वयात नेमके तेच उंच सूर आधी ऐकू येईनासे होतात. इंटरनेटवरची विस्तारित ध्वनिपद्धत सुमारे ७००० हर्ट्झपर्यंत जाते, त्यामुळे शब्द अधिक स्पष्ट कळतात. अर्थात दोन्हीकडचे फोन आणि मधले जाळे यांनी ती पद्धत वापरली तरच. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांनी नवा फोन घेताना तो कानाशी धरून, श्रवणयंत्र टेलिफोनच्या सेटिंगवर ठेवून, बोलून पाहावे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट बॅटरीची. फायबरच्या पेटीसाठी छोटे यूपीएस बाजारात मिळतात. पेटी १२ व्होल्टवर १ अँपियर घेत असेल तर तिला १२ वॅट लागतात. ४८ वॅट-तासांच्या बॅटरीवर ती कागदावर चार तास चालेल, प्रत्यक्षात थोडी कमी. घरात इन्व्हर्टर असेल तर पेटीचा प्लग त्याच्या लाइनवर आहे ना, हे पाहावे. फायबरची पेटी आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना आधार हवा. बॅटरी कालांतराने क्षीण होते, म्हणून दर सहा महिन्यांनी तिची परीक्षा घ्यावी.

दुसरी गोष्ट यंत्रांची. पेसमेकरची काही जुनी घरगुती निरीक्षण यंत्रे, आपत्कालीन बटणे, सुरक्षा अलार्म हे जुन्या लाइनवर बेतलेले असू शकतात. लाइन बदलण्याआधी डॉक्टरांना किंवा यंत्र पुरवणाऱ्याला विचारावे आणि बदलल्यावर लगेच चाचणी घ्यावी.

तिसरी गोष्ट नंबरांची. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ लावावेत. त्याखाली घराचा पूर्ण पत्ता, मजला आणि जवळची खूणही लिहावी. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ताही आठवत नाही. परदेशातली मुले ज्या ॲपवरून रोज आई-बाबांशी बोलतात, त्यावरून १०८ लागत नाही, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हवे. घर बदलले तर कंपनीकडे नोंदलेला पत्ता बदलून घ्यावा.

आणि शेवटी एक छोटी चाचणी. एखाद्या दुपारी, सगळे घरी असताना, मेन स्विच बंद करावा आणि आजींना रिसीव्हर उचलून शेजारी फोन लावायला सांगावे. शेजारची घंटी वाजली तर ठीकच. नाही वाजली, तर काय करायचे ते ठरवायला हाताशी अख्खी दुपार आहे.