फाइल जागेवर, क्वेरी डेटाबेसमधून: शेपफाइल थेट वाचताना

गोदावरीचं पाणी किती चढलं हे पंचवटीत आजही दुतोंड्या मारुतीवरून सांगतात: गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत की गळ्यापर्यंत? संशोधनाला मात्र पूररेषा लागते. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तर लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची.

माझ्याकडे निळ्या रेषेच्या आतला पट्टा शेपफाइलमध्ये होता आणि घरांच्या सर्वेक्षणाच्या नोंदी पोस्टग्रेसमध्ये. प्रश्न साधा: त्या पट्ट्यात किती घरं येतात?

नेहमीचा मार्ग म्हणजे शेपफाइल इम्पोर्ट करायची. दुसरा मार्ग आहे 'फॉरेन डेटा रॅपर'. यात फाइल जागेवरच राहते, डेटाबेसला ती फक्त टेबलासारखी दिसते. भौगोलिक फाइलींसाठी पॉल रॅमसे यांनी 'ओजीआर एफडीडब्ल्यू' हे एक्स्टेन्शन लिहिलं. ते जीडाल लायब्ररीवर चालतं, त्यामुळे शेपफाइलच नाही, तर जिओपॅकेज, केएमएल, सीएसव्हीसुद्धा वाचता येतात.

पायऱ्या तीनच. आधी पोस्टजीआयएस आणि हे एक्स्टेन्शन सुरू करा. मग 'क्रिएट सर्व्हर' आज्ञेत फाइलचा पाथ आणि फॉरमॅट द्या. शेवटी 'इम्पोर्ट फॉरेन स्कीमा' चालवा, म्हणजे कॉलम हाताने टाइप करावे लागत नाहीत. ही आज्ञा पोस्टग्रेस ९.५ पासून आहे.

आता अडचणी कुठे येतात ते बघू.

पहिली, पाथ. तो तुमच्या लॅपटॉपवरचा नाही, डेटाबेस ज्या मशीनवर चालतो तिथला हवा. शिवाय ती फाइल वाचायची परवानगी तुम्हाला असून भागत नाही. डेटाबेस ज्या युजरच्या नावाने चालतो त्याला हवी.

दुसरी, प्रोजेक्शन. सोबतची पीआरजे फाइल हरवली तर भूमितीचा कोड शून्य येतो आणि जॉइन एरर देतो. आधी मूळ कोड लावा, मगच बदला. मीटरमध्ये मोजायचं असेल तर नाशिकसाठी यूटीएम झोन ४३ उत्तर, म्हणजे ३२६४३.

तिसरी, वेग. फॉरेन टेबलावर आपल्याला इंडेक्स बनवता येत नाही. हजारो घरांशी जॉइन करायचा असेल तर लोकल टेबलात कॉपी करून जिस्ट इंडेक्स लावलेला बरा.

चौथी अडचण मला सगळ्यात महागात पडली. एके दिवशी तीच क्वेरी चालवली आणि घरांचा आकडा वेगळा आला. दोन दिवस क्वेरीतली चूक शोधत बसलो. शेवटी कळलं की सामायिक फोल्डरमध्ये कोणीतरी त्याच नावाने दुरुस्त केलेली फाइल ठेवली होती. नवी फाइल बरोबरच होती, पण माझ्या तक्त्यातला जुना आकडा कुठल्या फाइलवरून आला हे दाखवायला माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं.

फॉरेन टेबल म्हणजे खिडकी. पलीकडचं बदललं की दिसणारंही बदलतं, आणि डेटाबेस ते सांगत नाही. म्हणून डेटा चाळायला, तपासायला खिडकी वापरा. प्रबंधात जाणारा आकडा मात्र लोकल टेबलातूनच काढा. टेबलाच्या नावात तारीख घाला आणि मूळ फाइलींचा चेकसम वहीत लिहून ठेवा. या दोन ओळी लिहायला मिनिटही लागत नाही. व्हायव्हात "हा आकडा कुठून आला?" असं विचारलं, की त्याच कामी येतात.