हंगामात झिजलेल्या बैलाचे तेज परत कसे आणावे?



गळीत हंगाम संपला, की उसाच्या गाड्या ओढून हाडं वर आलेले बैल बाजारात स्वस्तात मिळतात. केस राठ आणि उभे, खांद्याला जखम, मांड्यांत गोचीड. असा बैल घरी आणला, की पहिल्यांदा तेल चोळायची घाई होते. तेलाने दोन दिवस अंग चमकते, तिसऱ्या दिवशी त्यावर धूळ बसते. केसाला तेज येते ते पोटातून.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातील एका सभासदाने असाच एक खिलार आणला आणि गोचीड मरावेत म्हणून उसावर फवारायचे औषध त्याच्या अंगाला फासले. थोड्याच वेळात बैल लाळ गाळू लागला, थरथरू लागला. डॉक्टर वेळेवर आले म्हणून जनावर वाचले. औषध आमच्याच गट ऑफिसातून नेलेले होते. ते जनावराला लावू नका, एवढे सांगायचे आमच्याकडून राहिले. म्हणून हे चार शब्द.

पहिले काम पोटाचे. शेण तपासून घ्यावे व डॉक्टर सांगतील तेवढेच जंताचे औषध पाजावे. उपाशी जनावराला दया येऊन एकदम भरडा, गूळ किंवा मळी घालू नये. पोटात आंबून जनावर दगावते. पेंड अर्ध्या किलोपासून सुरू करून दहा दिवसांत दोन किलोपर्यंत न्यावी.

दुसरे काम चाऱ्याचे. हंगामभर बैलाने निव्वळ वाढे खाल्लेले असते. वाढ्यात प्रथिने कमी, आणि त्यातले ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून ठेवते. केस तर बहुतेक प्रथिनांचाच बनलेला असतो. तांबे हा क्षार कमी पडला, तर काळा केससुद्धा भुरा पडतो. म्हणून कडब्याच्या कुट्टीत लसूणघास मिसळावा. रोज ५० ग्रॅम क्षार मिश्रण, ३० ग्रॅम मीठ आणि पोटभर स्वच्छ पाणी द्यावे.

तिसरे काम गोठ्याचे. गोचीड बैलावरून गळून पडते आणि भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. नुसता बैल साफ करून काय उपयोग? फटी बुजवाव्यात, चुना मारावा. बैलाच्या अंगाला लावायचे औषध दवाखान्यातूनच आणावे.

खांद्याची जखम पोटॅशच्या फिक्या गुलाबी पाण्याने धुवावी. जळके ऑईल लावू नये. जखम पुरी भरेपर्यंत मानेवर जू ठेवू नये. अंगावर गाठी दिसल्या तर मात्र ती हयगय समजू नका. २०२२ साली लम्पीने काय केले ते आपण पाहिले आहे. लगेच डॉक्टरांना बोलवा.

एवढे झाल्यावर रोज सकाळी खरारा करावा. जुना केस गळतो, कातडीत रक्त खेळते. नवा केस यायला दोन-तीन महिने लागतात. चैत्रात सुरुवात केली, तर बेंदूर गाठता येतो.

त्या सभासदाच्या बैलाच्या खांदेमळणीला आम्हीही गेलो होतो. खांदा भरून आला होता, पाठीवरून हात सरकत होता. यंदा गट ऑफिसातून औषध नेताना ते कशासाठी आहे हे आम्हाला विचारून घ्या. आम्ही विसरलो, तर तुम्ही आठवण करा.

— ऊस विकास अधिकारी