चिमणीला वास येतो का?

मागच्या चैत्रातली गोष्ट. आमच्या जिन्याजवळ विजेच्या मीटरच्या मागं चिमणीनं घरटं केलं होतं. दुपारी शाळेतून येऊन बघते तो फरशीवर एक पिल्लू पडलेलं. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, नुसती चोच उघडत होतं. मी उचलायला वाकले तोच आतून सासूबाई ओरडल्या, "अगं, हात लावू नकोस! माणसाचा वास लागला की चिमणी पिल्लू टाकते."

तुमच्याही घरी असंच सांगत असतील. मी लहानपणापासून हेच ऐकत आले. शाळेत मात्र आम्ही पाठ केलं होतं, की पक्ष्यांना वास जवळजवळ येतच नाही. आता दोन्ही एकदम खरं कसं असेल? पिल्लाचं काय झालं ते सांगतेच, पण आधी मागाहून वाचून जे कळलं ते ऐका.

पक्ष्यांना वास येत नाही ही समजूत पक्की केली एका फार मोठ्या माणसानं. जॉन जेम्स ऑड्युबॉन, अमेरिकेतला पक्ष्यांचा नामांकित चित्रकार. १८२६ साली त्यानं गिधाडांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. हरणाच्या कातड्यात गवत भरून ते माळावर ठेवलं, तर गिधाड येऊन फाडू लागलं. उलट कुजलेलं डुक्कर झुडपांखाली झाकून ठेवलं, तर तिकडे एकही फिरकलं नाही. पुढे त्याच्या बाखमन नावाच्या मित्रानं कापलेल्या मेंढीचं चित्रच जमिनीवर पसरलं, आणि गिधाडं त्या चित्राला टोचू लागली! झालं. गिधाडालाच वास येत नाही तर चिमणीला कुठला येणार, असं बहुतेक लोक सव्वाशेहून अधिक वर्षं धरून चालले.

चूक अशी, की तिथली सगळी गिधाडं सारखी नाहीत. काळं गिधाड डोळ्यांवर विसंबतं. टर्की गिधाडाला वास उत्तम येतो, पण अगदी सडून गेलेलं त्यालाही नको असतं. शिळं चालेल, नासकं नाही. आपल्यासारखंच म्हणा ना.

हे उघडकीला यायला आपल्या ओट्याखालच्या गॅसशी नातं असलेली एक गोष्ट कारण झाली. गॅस गळला की जी घाण येते ती गॅसची नव्हे, बरं का. गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. गळती कळावी म्हणून मर्कॅप्टन नावाचं द्रव्य त्यात मुद्दाम मिसळतात. मेलेलं जनावर कुजू लागलं की त्यातूनही तेच निघतं. कॅलिफोर्नियातल्या तेल कंपनीच्या माणसांच्या लक्षात आलं, की गॅसचा नळ जिथं फुटलेला असतो तिथं टर्की गिधाडं घिरट्या घालतात. केनेथ स्टेगर या संशोधकानं नुसतं मर्कॅप्टन माळावर सोडून पाहिलं. ना जनावर, ना मांस, तरी गिधाडं आली. १९६४ साली त्यानं हे छापलं. (आपल्याकडची गिधाडं निराळ्या कुळातली, ती नजरेनंच अन्न शोधतात.)

पण मला मनापासून आवडली ती बेट्सी बँग. बाल्टिमोरला तिचा नवरा श्वसनाच्या रोगांवर संशोधन करायचा आणि ही त्याच्यासाठी चित्रं काढून द्यायची. पक्ष्यांची नाकं चिरून आतली रचना कागदावर उतरवता उतरवता तिच्या मनात आलं, ज्यांना वासच येत नाही त्यांच्या नाकात एवढ्या वळ्या कशाला? दुसरी असती तर चित्र पुरं करून उठली असती. ही प्रश्नाला चिकटून राहिली. १९६० साली 'नेचर' या मासिकात तिचा निबंध आला. पुढे १९६८ साली स्टॅन्ली कॉब यांच्याबरोबर तिनं १०८ जातींच्या पक्ष्यांचे मेंदू मोजले. मेंदूच्या पुढच्या टोकाला वासाचा कंद असतो. तो मोठ्या मेंदूच्या लांबीच्या मानानं केवढा, एवढंच बघायचं. दक्षिण ध्रुवाकडच्या हिम-पेट्रेलचा निघाला शेकडा ३७, तर चिमुकल्या चिकॅडीचा फक्त ३. आणि गंमत म्हणजे याच बाईनं बंगाली लोककथा इंग्रजीत नेल्या. भोपळ्यात बसून रानातल्या जनावरांना चकवणारी म्हातारी तिच्या १९७५ सालच्या पुस्तकात आहे. आपलीच की ती!

अंटार्क्टिकाकडच्या प्रायन पक्ष्यांचा प्रयोग तर फारच गोड आहे. हे पक्षी जमिनीतल्या बिळात संसार थाटतात आणि रात्री अंधारातच घरी येतात. २००४ साली बोनाडोना आणि गॅब्रिएल नेव्हिट यांनी त्यांना दुफाट्यावर सोडलं. एकीकडे जोडीदाराचा वास, दुसरीकडे परक्याचा. बहुतेक सारे जोडीदाराकडेच वळले. धुण्याच्या ढिगातला सदरा कुणाचा, हे आपण नाही का ओळखत?

बरं, चिमणीएवढ्या पक्ष्याचं काय? पिंजऱ्यात पाळतात तो झेब्रा फिंच साधारण तिच्यासारखाच. त्याच्या पिल्लांपुढं स्वतःच्या आणि परक्या घरट्यातलं गवत ठेवलं, तर पिल्लांनी आपलं घर वासावरून ओळखलं. बार्बरा कास्पर्स यांचं हे काम २०१० सालचं.

म्हणजे वास येतो. मग सासूबाईंचंच खरं? नाही हो. पिल्लांच्या पायात कडी अडकवणारे, त्यांचं वजन घेणारे संशोधक घरट्यात सर्रास हात घालतात, आणि आईबाप पुन्हा येऊन भरवतात. वास येणं निराळं आणि त्यापायी लेकरू टाकणं निराळं. मला वाटतं, समजूत पडली ती आपल्याच उतावीळपणानं. आपण घरट्यापाशी टक लावून उभ्या राहतो, ती आपल्याला बघून येत नाही, आणि आपण म्हणतो, टाकलं!

तेव्हा उघडं पिल्लू सापडलं तर अलगद घरट्यात ठेवा, हात धुवा आणि दूर व्हा. पिसं फुटलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते उडायला शिकतंय; मांजरापासून जपा, पण घरात आणू नका.

त्या दुपारी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पिल्लाला मुंग्या लागू लागल्या होत्या, एवढंच दिसत होतं. मी स्टूल ओढलं. सासूबाई पुटपुटत का होईना, स्टूल धरून उभ्या राहिल्या. पिल्लू आत ठेवलं, दार लोटलं आणि दोघी फटीतून बघत बसलो. बऱ्याच वेळानं चिमणी चोचीत अळी घेऊन आली, मीटरवर बसली, इकडेतिकडे बघितलं आणि आत शिरली.

"तिला अजून वास आला नसेल," सासूबाई म्हणाल्या.